वीस मिनिटांचा अंधार

बोरी बुद्रुक, ८ फेब्रुवारी

गोरखभावजींस,

पत्र बघून दचकू नका. वाटणीचं काही नाही, पाइपलाइनचंही नाही. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय. मी बांधाशी आले की तुम्हाला नेमकी मोटर बघायची आठवण होते. तुमचे बंधू चाकणहून आठवड्यातून एकदा घरी येतात आणि म्हणतात, दीर-भावजयीच्या मधे मला ओढू नका. मग राहिला कागद. तो आईंच्या हाती देतेय. त्यांची राहायची पाळी या महिन्यात तुमच्याकडे असली तरी दुपारचा चहा त्या माझ्याकडेच घेतात, त्यामुळे टपालाची सोय घरच्या घरी झाली. ‘काय ल्हिलंयस एवढं?’ म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, लाइटीचं.

तर काम तुमच्या शेवंतीच्या दिव्यांचं आहे. कागद फेकू नका, आधी पुरता वाचा.

मी स्लॅबवर दुर्बीण लावून धूमकेतूंचे फोटो काढते हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्यावरून तुम्ही मला काय काय म्हणालात ते मला माहीत आहे. यंदा एक आलाय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतूनही आरशावर श्वास सोडल्यावर उमटतो तेवढाच डाग. दिवस मावळला की तासाभराने पश्चिमेला असतो, बरोबर तुमच्या शेवंतीच्या डोक्यावर. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे पुष्कळ फोटो काढायचे आणि संगणकात एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो जरा आकाराला येतो. आपलं आकाश कसलं आहे ते तुम्हीही बघता. कुणी उसाचं पाचट पेटवलेलं, हायवेची धूळ, वर त्या आळेफाट्याच्या उजेडाची साय. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिशांना यातल्या कशाचं काही वाटत नाही, कारण त्यांना उजेड बघायचाच नसतो. मला बघायचा असतो.

मागच्या बुधवारी जरा वारं सुटलं, धूर हटला आणि मला थोडेसे फोटो मिळाले. रचून बघते तर धूमकेतूच्या शेजारी दुसरा एक फिकट ठिपका. भावजी, धूमकेतू हे बर्फाचे आणि धुळीचे गोळे असतात, सूर्याच्या तापाने ते कधी कधी फुटतात. फुटला असेल तर अभ्यासकांना ते लगेच कळायला हवं, कारण निघालेला तुकडा चार दिवसांत विरूनही जातो. मी त्याच संध्याकाळी फोटो आमच्या निरीक्षकांच्या गटाला धाडला, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि गटाने तो बाहेर कळवला.

सकाळी चहा पिता पिता तोच फोटो पुन्हा बघितला आणि कप खाली ठेवला. समोर झगझगीत दिवा असला की दुर्बिणीच्या काचांमधे त्याची खोटी प्रतिमा उमटते. ती अगदी अशीच दिसते, फिकट आणि गोल. तुमच्या कोपऱ्यावरच्या खांबाचा बल्ब माझ्या दुर्बिणीच्या थेट तोंडावर आहे. फोटो इतके थोडे होते की ठिपका धूमकेतूबरोबर चालतोय की जागीच आहे, तेही समजत नाही.

म्हणजे तो तुकडा आहे की तुमचा बल्ब, हे मला सांगता येत नाही, आणि सांगून तर बसलेय.

एक संध्याकाळ हवी. आकाश बरं असेल त्या दिवशी, साडेसातला, वीस मिनिटं दिवे बंद. ठिपका राहिला तर तुकडा, गेला तर बल्ब. अमावास्येनंतर चंद्र यायला लागेल आणि धूमकेतूही खाली बुडेल, मग कुणालाच काही ठरवता येणार नाही.

दिवाळीत झालं ते झालं. वीस मिनिटांचंच मागतेय.

नूतन


१० फेब्रुवारी

भावजी,

निरोप पोचला. आईंनी तुमच्या आवाजात सांगितला, हातवारे करून. ‘म्हनावं, शेवंतीला उजेड कमी पडला की कळी धरती. अवेळी कळी धरली तर वहिनी काय मंडईत फुलं घेऊन बसणारे का? आन बिबट्या आला म्हंजी? त्याला काय दुर्बीण दाखवायची?’ एवढं बोलून आईंनी माझ्याच डब्यातली खारी घेतली आणि म्हणाल्या, ‘बरोबरच हाय की त्याचं.’

कळीचं आधी. शेवंती लहान दिवसांत कळी धरते, म्हणून तुम्ही बल्ब लावून तिला दिवस मोठा असल्याचं भासवता. मी हे आठवीला शिकवते. वीस मिनिटांनी तिला काही कळत नाही. हवं तर आमच्या जाऊबाईंना, मोहिनीला विचारा, मागच्या महिन्यात डीपी जळला तेव्हा अख्खी रात्र अंधार होता, धरली का कळी?

आता बिबट्याचं. इथे मला जपून लिहायला पाहिजे, कारण आपलं बोलणं याच्यावरच तुटलं. तुम्ही भर पंगतीत म्हणालात, आकाशातली शेपटं बघून कुणाचं पोट भरतं. मी म्हणाले, दिव्याने बिबट्या पळत नाही, तुमच्याच उजेडात वाट बघून येईल. आणि आठवड्याच्या आत त्याने तुमचा भुऱ्या उचलून नेला, दिवे सगळे चालू असताना. मी बोलले ते खरं झालं याचाच तुम्ही राग धरलात. भावजी, भुऱ्या माझ्याही ओट्यावर झोपायचा. कुत्र्याची भाकरी मी अजून चुकून थापते. ते मी वाईट चिंतून बोलले नव्हते, तावात बोलले होते. तुम्हीही तावातच होतात.

इकडे माझी झोप गेली आहे. गटात तिघांनी विचारलंय, दुसऱ्या दिवशीचा फोटो कुठे आहे? नाशिकच्या तेजस्विनीताई गटाचं काम बघतात, त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं, ‘नूतन, एका संध्याकाळच्या ठिपक्यावर मी किती दिवस थांबू?’ बाकीच्यांकडे ढग आहेत, उत्तरेकडच्या लोकांना तो क्षितिजाच्याही वर येत नाही. काल मी प्रयत्न केला तर धुरात धूमकेतूच सापडेना, ठिपक्याची गोष्टच सोडा. वर्गात प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकायचं विसरते. भाजीत दोनदा मीठ पडतं.

उद्या वारं पडलं नाही तर परवा आकाश धुऊन निघेल असं वाटतंय. बघा.

नूतन


१२ फेब्रुवारी

भावजी,

वरच्या अंगाला ऊसतोड सुरू झाली ते बघितलंत का? तोडीच्या मुकादमाने सांगितलं, सरीत मादी आणि दोन पिल्लं होती, कोयत्याचा आवाज ऐकून उठली आणि खालच्या उसात शिरली. खालचा ऊस म्हणजे तुमचा. रात्री आपल्या पोल्ट्रीवाल्यांच्या कॅमेऱ्यात ती सापडलीही, व्हिडिओ सगळ्या गावात फिरतोय. शाळेत मुलांना घोळक्याने घरी सोडायचं ठरलंय.

हे मला कळल्यावर मी तुम्हाला ‘राहू द्या’ असं लिहायला हवं होतं. कागद घेतला तो त्यासाठीच. पण आज दुपारपासून आकाश असं निळं झालंय की माझ्याच्याने लिहिवत नाही. खरं सांगते, मलाही भीती वाटते. तुम्हाला वाटत असेल वहिनी स्लॅबवर मजेत बसते. जिन्याच्या जाळीला कुलूप लावते, पाठ टाकीला टेकवते, गळ्यात शिट्टी अडकवते आणि फोटो निघत असताना आकाशाकडे कमी आणि जिन्याकडे जास्त बघते. मोर ओरडला की कुलूप पुन्हा ओढून बघते. तुमच्या भावाला यातलं काही सांगत नाही, ते दुर्बीण विकून टाकायला लावतील.

तरीही मागतेय. उद्या शुक्रवार. धूमकेतू आणखी खाली जायच्या आत मिळणारी ही एकच चांगली संध्याकाळ दिसते. एकदा ठरलं की मी जगाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेन. आत्ता मी मधेच लोंबकळतेय, आणि हे लोंबकळणं मला सहन होत नाही.

जनावरं अंधार पडायच्या आत गोठ्यात घ्या, वासराला पुढे बांधू नका. मोहिनीला म्हणावं, भांडी आतच घास, मोरीवर येऊ नकोस. तुम्ही बटन दाबलं की दार लावून घ्या. वीस मिनिटं सगळ्यांनी आत, एवढंच.

जमणार नसेल तर तसं कळवा. चिठ्ठी दिलीत तर बरं, आई तुमचा निरोप सांगताना त्यात स्वतःचा मीठमसाला घालतात.

नूतन


१४ फेब्रुवारी, सकाळी

भावजी,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

काल साडेसातला तुमचे दिवे गेले तेव्हा मला रडू आलं. आधी वाटलं, वीज गेली. मग पाहिलं तर मोहिनीच्या स्वयंपाकघरात उजेड होता, आणि शेवंतीच्या ओळी मात्र एक एक करून विझत होत्या. म्हणजे तुम्ही स्वतः फिरून घालवत होतात. किती दिवसांनी मला पश्चिमेला क्षितिजापर्यंत तारे दिसले. डोंगराची कडा दिसली. मी बटन दाबलं, फोटो पडायला लागले. पहिला झाला, दुसरा झाला. मी पडद्याला डोळे लावून बसले.

मग बांधाकडून खाकरल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं तुम्ही असाल. पुन्हा आलं, आणि पाठोपाठ ‘नूते, हाय का गं वर?’

आई बांधाच्या मधोमध होत्या. हातात काठी नाही, बॅटरी नाही, पदराखाली काहीतरी धरलेलं. त्यांच्या मागे तुमचा ऊस, आणि उसाच्या कडेला पालापाचोळा वाजत होता. वारं नव्हतं, भावजी. मी मोठी बॅटरी लावली. उसाच्या तोंडाशी जमिनीलगत दोन हिरवे डोळे चमकले, आणि हलले नाहीत.

दिवाळीपासून मी तुमच्याशी शब्द बोलले नव्हते. काल जे ओरडले ते अजून घशात खरवडतंय. ‘भावजी, लाइट लावा! लाइट लावा, आई बांधावर आहेत!’ शिट्टी गळ्यात होती ती आठवलीच नाही. वीस मिनिटांच्या अंधारासाठी आठवडाभर तुमच्या विनवण्या केल्या, आणि दोन मिनिटांत उजेडासाठी बोंब मारली. तुम्ही सगळे दिवे एकदम लावलेत आणि अनवाणी धावत आलात. आईंना जवळजवळ उचलून नेलंत. माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत. मी तुमच्या जागी असते तर मीही बघितलं नसतं.

आज पहाटे आईंनी मला निरोप पाठवून बोलावलं. त्या मजेत होत्या, मोहिनीकडून पाय चेपून घेत होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या अंगावर काय मास ऱ्हायलंय, तिनं खावं!’ मग काल पदराखाली धरलेली तुमची चिठ्ठी काढून दिली. तुम्ही उजेडातच त्यांच्या हाती दिली होतीत. वासरू सुटलं म्हणून त्या गोठ्यात थांबल्या, ते बांधलं, म्हशीला कडबा टाकला, आणि मग चिठ्ठीची आठवण झाली. तोवर दिवे गेले होते. त्यांना वाटलं, वीज गेलीय, येईल.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तुमचं अक्षर मी लग्नाच्या आहेराच्या पाकिटानंतर आत्ताच बघितलं. ‘वहिनी, साडेसातला लाइट घालवतो. तवर आईला तुमच्याकडंच ठेवून घ्या. उसात जनावर आहे. मी मागाहून न्यायला येईन.’

आईंना अंधारात पाठवू नका हे सांगणारा कागद घेऊन आई अंधारात चालत होत्या. त्यांना वाचता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही त्यांना तोंडाने सांगितलं नाही. परवा मी जनावरांची, वासराची, मोहिनीची, सगळ्यांची काळजी लिहून धाडली, पण ते पत्र नेणारीची नाही लिहिली.

सकाळी पाइपलाइनच्या बाजूला पंजे बघितले. आईंच्या चपलांच्या खुणांपासून फार लांब नव्हते.

आता मी मागणार नाही. जे दोन-तीन फोटो अंधारात पडले त्यांच्यावरून काही कळत नाही, बाकीच्यांवर माझ्या बॅटरीचा उजेड सांडलाय. गटाला कळवते की मला सांगता येत नाही, माझं नाव काढून टाका. आईंना सांभाळा.

नूतन


१८ फेब्रुवारी, शाळेत जायच्या आधी

भावजी,

हा कागद चिमाजीच्या हाती देतेय, दूध न्यायला आला की. तो वाटेत वाचेल. वाचू दे. बाकी सगळं गावाला त्यानेच सांगितलंय, आता हेही त्यानेच सांगावं.

मी तुमच्याशी खोटं बोलले.

सगळं सांगते. परवा सोमवारी मी गटाला पत्र लिहायलाच बसले होते, तर आई दिवस असतानाच बोचकं घेऊन हजर. पाळी अमावास्येला बदलते, त्याला अजून एक दिवस होता. मी विचारलं, आज कसं काय? ‘गोरख म्हनला, आजच जा. आन भाईर पाय टाकायचा न्हाई म्हनला, आतल्या खोलीतच बस.’ तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. साडेसातला तुमच्या ओळी विझायला लागल्या तेव्हा पडला.

मी धावत वर गेले. दुर्बीण लावली आणि खाली पाहिलं तर बांधावर तुम्ही. काठी घेऊन, कांबळं गुंडाळून, उसाकडे तोंड करून उभे. बॅटरी हातात पण विझवलेली, माझे फोटो बिघडू नयेत म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आत जा, मला नको तो तुकडा. ओरडले नाही. फोटो सुरू केले. हे मी लपवणार नाही.

थोड्या थोड्या वेळाने तुम्ही खोकत होतात. आधी वाटलं, थंडी बाधली. मग समजलं की तो खोकला मला ऐकू यावा म्हणून आहे, अजून उभा आहे हे कळावं म्हणून. आयुष्यात एवढं चांगलं आकाश मला इथे मिळालं नव्हतं, आणि मी पडद्याकडे बघत नव्हते. खोकल्याची वाट बघत होते. एकदा तो जरा उशिरा आला तर माझ्या हातातली बॅटरी पेटलीच होती.

वीस मिनिटं झाली आणि तुम्ही खालून हाक मारलीत. ‘वहिनी, घावला का दुसरा तुकडा?’

चार महिन्यांनी तुम्ही मला स्वतःच्या तोंडाने वहिनी म्हणालात. पडद्यावर तोवरच्या फोटोंमधे धूमकेतू होता आणि शेजारी काहीच नव्हतं. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, ‘हो भावजी, घावला.’

तुम्ही जोरात हसलात. ‘आयला!’ म्हणालात. आणि मग जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘मग तुमचा त्यो तुकडा हाय तवर म्या रोज लाइट घालवून हितं हुबा ऱ्हातो. तुमी काडा किती फोटू काडायचे ते.’

तुम्ही घरी गेलात, दिवे लावलेत. दुर्बीण मी बंद केलीच नव्हती, भान नव्हतं. रात्री सगळे फोटो रचले. अंधारातल्या फोटोंमधे धूमकेतू एकटा, स्वच्छ, कुठे चरा नाही. दिवे लागल्यानंतरच्या फोटोंमधे ठिपका परत आला, त्याच जागी. तो तुमचा कोपऱ्यावरचा बल्ब आहे, भावजी. पहिल्या दिवसापासून तोच होता. धूमकेतू फुटलेला नाही.

तेजस्विनीताईंना मी रात्रीच कळवलं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून. जे लोक माझ्या ठिपक्यासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागणार होते, त्यांचा वेळ वाचला असं त्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, ‘असं दिवा घालवून-लावून बघायला आमच्याकडे कुणी दीर नाही.’ लाज वाटली, पण ती लाज गिळता आली. जगाला ‘चुकले’ म्हणणं सोपं गेलं, कारण जग मला ओळखत नाही.

तुम्हाला सांगणं जमेना. काल सकाळी सांगणार होते, तर चिमाजी दारात, ‘वहिनी, गोरख सांगत व्हता डेरीवर, तुमी धूमकेतू फोडला म्हनं!’ शाळेत गेले तर फळ्यावर माझं नाव. मोहिनीने खीर पाठवली, वाटीवर झाकण म्हणून तिची ती लग्नातली ताटली, जी वाटणीच्या वेळी तिने मागून घेतली होती. आई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, ‘माझ्या गोरखच्या लाइटीनं शोध लागला.’ तसं बघितलं तर त्यांचं चुकत नाही. आणि मी खीर खाल्ली. गोड लागली म्हणून आणखी अपराधी वाटलं. मनाशी म्हटलं, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय? धूमकेतू बुडाला की विषय संपेल. दिरानं बोलायला सुरुवात केलीय, तेवढं टिकू दे.

पण काल संध्याकाळी तुम्ही परत उभे राहिलात. ठरवल्याप्रमाणे, काठी घेऊन, दिवे घालवून. मी स्लॅबवर नुसती बसून होते, काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. उसात मोर ओरडला. मग पुन्हा ओरडला, अलीकडून. तुम्ही खोकलात, आणि मला दिसलं की तुम्ही पाठ फिरवून, मान वर करून आकाशाकडे बघताय. ऊस तुमच्या पाठीमागे होता, भावजी. नसलेला तुकडा शोधत तुम्ही उसाकडे पाठ करून उभे होतात. मी कधी नव्हे ते तोंडात पदर कोंबून वीस मिनिटं संपायची वाट बघितली. वनखात्याचा पिंजरा उद्या-परवा येणार म्हणतात. ती मादी अजून आतच आहे.

म्हणून हे आजच, संध्याकाळच्या आत, तुमच्या हातात पडायला हवं. तुकडा नाही. उभं राहायचं काही कारण नाही.

तुम्हाला राग येईल. डेरीवर लोक हसतील, त्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतोय. पुन्हा ब्लॉक करायचं तर करा, पण आधी एकदा समोरासमोर बोला, दिवाळीसारखं बोललात तरी चालेल. मी शाळेतून आले, आईंना चहा दिला, की बांधावरून तुमच्याकडे येतेय. एकटीच येतेय, हातात मोहिनीची वाटी आणि ताटली असेल.

धूमकेतू अजून दोन संध्याकाळी दिसेल, अख्खाच्या अख्खा. पण आज लाइट घालवू नका. मी येईपर्यंत चालू राहू द्या, कोपऱ्यावरचाही.

तुमची वहिनी,
नूतन